कालव आणि बंद कप्पा

कालव समुद्रातून वर आलं, तेव्हा त्याच्या पाठीवर खरोखरचीच कालवं चिकटलेली होती. खेकड्यासारखं तिरकं तिरकं चालत ते शंखवाडीच्या धक्क्यावर चढलं आणि त्याने असं काही अंग झटकलं, की मिहिका खाऱ्या पाण्याने न्हाऊन निघाली.

"आलंस बाई एकदाचं!" मावशीआजी म्हणाली.

मावशीआजी म्हणजे मिहिकाच्या आजीची धाकटी बहीण, डॉ. प्रमिला केळुसकर. समुद्राच्या पोटातले आवाज ऐकणाऱ्या केंद्रात तिचं सारं आयुष्य गेलं होतं. हंड्याएवढं, सहा पायांचं, बोलणारं हे यंत्र तिनेच घडवलं होतं. गणपतींचं विसर्जन झालं की कालवाने समुद्राच्या तळाशी जाऊन बसायचं, ऐकत राहायचं आणि शिमग्याच्या सुमारास वर यायचं. यंदा मधल्या मधे, दिवाळीत, मावशीआजी निवृत्त झाली होती. तरी कालवाला घ्यायला ती धक्क्यावर आलीच. तिचं घर तर समोरच होतं.

"काय ऐकलंस रे?" तिने विचारलं.

"देवमाशाची मादी," कालव म्हणालं. "आणि तिच्याजवळ तेव्हा नुकतं जन्मलेलं पिल्लू. माझ्या नोंदींच्या अगदी सुरुवातीला त्याचा पहिला आवाज आहे."

मावशीआजी हळूच दगडी पायरीवर बसली. "पहिला आवाज," ती पुटपुटली. "किती वर्षं वाट पाहिली त्याची."

"ऐकव ना!" मिहिका म्हणाली.

"तो फार खर्जातला आहे. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. केंद्रातलं मोठं यंत्र तो वेग वाढवून वाजवतं, तेव्हा तुम्हाला कळतो. त्यासाठी आधी मला तिकडे बॅकअप (राखीव प्रत) पाठवायला हवा."

कालवाच्या पाठीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि लाल झाला. "प्रवेश नाकारला," ते म्हणालं.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. प्रवेश नाकारला.

"यंदा भरती आली की मला लगेच परत खाली जायचं आहे," कालव म्हणालं. "माझी स्मृती भरली आहे. यापुढचा प्रत्येक नवा आवाज सगळ्यात जुन्या आवाजावर लिहिला जाईल."

मिहिका कालवासमोर आडवी उभी राहिली. "म्हणजे पिल्लाचा पहिला आवाजच आधी पुसला जाणार? मग जाऊच नकोस!"

"आई आणि पिल्लू अजून खाडीच्या तोंडाशी आहेत. पावसाच्या आत ती निघून जातील. मी इथे बसून राहिल्यास पुढचं सगळं हुकेल."

कालवाचं पोट उघडून आवाज काढून घेण्याचीही सोय नव्हती. पाणी शिरू नये म्हणून ते कायमचं बंद केलेलं होतं. कालव फक्त बिनतारी बोलायचं, आणि तेही केंद्राच्या नेटवर्कवरच्या (यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्यावरच्या) एका फोल्डरशी, म्हणजे नोंदी ठेवायच्या कप्प्याशी.

मावशीआजीने केंद्राशी संपर्क साधला आणि धक्क्यावरच्या शेडमधल्या पडद्यावर ग्लेन फर्नांडिसचा चेहरा उमटला. मावशीआजीनंतर केंद्राचं काम आता हा तरुण इंजिनिअर बघत होता.

"मॅडम, मधेच कुठेतरी जोडणी तुटली असणार."

"नाही रे. मिहिका, तू शेजारच्यांचं दार वाजवलंस आणि आतून काहीच आवाज आला नाही, तर?"

"तर ते घरी नाहीत."

"आणि आतून 'आत्ता नको' असं ऐकू आलं तर?"

"तर घरी आहेत, पण मला आत घेत नाहीत."

"तसंच हे. रस्ता तुटला असता तर 'कप्पा सापडत नाही' असं कळलं असतं. नाही म्हणायलासुद्धा दाराशी कुणीतरी हवं ना? म्हणजे रस्ता ठीक आहे. कालवाची हाक पोहोचली आणि उत्तर परत आलं."

केंद्र डोंगरापलीकडे होतं. मिहिकाने तिकडे पाहिलं. इतक्या लांबच्या दारावर जाऊन कालव डोळ्याचं पातं लवायच्या आत परतही आलं होतं!

"आता दारं बघू," मावशीआजी म्हणाली. "मी पुण्याला मुलींच्या वसतिगृहात राहायचे. वडील भेटायला आले की फाटकावरचे पवार आधी नाव विचारत. ही पहिली परवानगी. ती मिळाली तरी वडिलांना भेटीच्या खोलीपर्यंतच येता येई. जिन्यापाशी रेक्टरबाई उभ्या! तिथे त्यांची वेगळी परवानगी. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, तर नाहीच. नेटवर्कवरच्या कप्प्याचंही तसंच. एक परवानगी फाटकाची, दुसरी प्रत्यक्ष कप्प्याची. दोन्हींतली जी कडक, तीच चालते."

"आणि तुझे बाबा खाऊ आणायचे का?"

"आणायचे तर! पण भेटीच्या खोलीतलं वर्तमानपत्र वाचायला त्यांना मुभा होती, तिथल्या कपाटात लाडवांचा डबा ठेवायला नव्हती. बघण्याची परवानगी वेगळी, ठेवण्याची वेगळी. कदाचित कालवाला नुसतं बघायचीच मुभा असेल. ग्लेन, दोन्ही दारं तपास बघू."

ग्लेनने तपासली. "दोन्हीकडे ठेवायची परवानगी आहे, मॅडम. हे बघा, मी स्वतः एक फाइल टाकतो... पडली! माझी जाते, याची जात नाही. तुमचं कालव म्हातारं झालंय."

"माझी तब्येत उत्तम आहे," कालव म्हणालं. "तुमचा चहा मात्र निवतो आहे."

मिहिकाला हसू फुटलं, पण लगेच ओसरलं. पाणी खालच्या पायरीवर चढलं होतं.

"भरती आली, मॅडम," ग्लेन घाईने म्हणाला. "तेवढ्यापुरता कप्पा सगळ्या जगाला उघडा करू का? कुणीही यावं, काहीही ठेवावं. कालवही जाईल आत."

"मुळीच नाही! ठेवायची मुभा दिली की बहुतेक वेळा पुसायचीही मिळते. राखीव प्रत म्हणजे आपला शेवटचा आधार. तिचं दार सताड उघडं टाकून कसं चालेल? दार का अडतंय तेच शोधू."

कालवाच्या डोळ्याच्या काचेवर मीठ साचलं होतं. ते पुसायला फडकं आणावं म्हणून मिहिका घराकडे पळाली. दारावरची पितळी पाटी उन्हात चमकत होती. 'डॉ. प्रमिला केळुसकर'.

मिहिकाचा पाय उंबऱ्यावरच अडला. केंद्रात एक पद्धत होती. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून खोलीच्या दारावरची पाटी काढायची आणि नारळासोबत त्या माणसाच्या हातात द्यायची. दिवाळीत ती पाटी निघाली, तेव्हा तिचे स्क्रू मिहिकानेच मुठीत धरले होते.

फडकं राहिलं घरात. मिहिका धावत परत आली.

"कालव, फाटकावर तू कोणाचं नाव सांगतंस?"

"प्रमिला केळुसकर," कालव म्हणालं. "पहिल्या दिवसापासून तेच सांगतो आहे."



"अरे देवा!" ग्लेनने कपाळाला हात लावला. "निरोपाच्या दिवशी मॅडमचं खातं मीच बंद केलं. तो नियमच आहे. आणि मघाशी मी फाइल टाकली ती माझ्या नावाने!"

मावशीआजी हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "नारळ दिलात आणि नाव ठेवून घेतलंत! बरोबरच केलंत रे. चूक आमच्या जुन्या वळणाची. नवं यंत्र आलं की घडवणाऱ्याने आपलंच नाव त्याला वापरायला द्यायचं, ही आमच्याकडची रीत. कौतुकच वाटायचं त्याचं. पण माणूस निवृत्त होतं, यंत्र कामावरच राहतं. हे बिचारं समुद्राच्या तळाशी. याला कोण सांगणार, की ते नाव आता फाटकावर चालत नाही?"

"मग त्याला स्वतःचं नाव द्या ना!" मिहिका म्हणाली.

ग्लेनने केंद्राच्या यंत्रावर नवं खातं उघडलं. खातं म्हणजे नेटवर्कवरची ओळख. नाव, 'कालव'. फाटकातून आत यायची परवानगी. आपल्या कप्प्यात नवं ठेवायची आणि ठेवलेलं बघायची परवानगी. पुसायची नाही, आणि दुसऱ्यांच्या कप्प्यात डोकावायचीही नाही.

"कामाला लागेल तेवढंच," मावशीआजी म्हणाली. "कालव, आता फाटकावर स्वतःचं नाव सांग आणि आधी शितभर पाठव. गेलं तर सगळं जाईल."

दिवा लुकलुकला. हिरवा झाला. हिरवाच राहिला.

"मी कालव," ते म्हणालं. "आत घेतलं."

मग सगळे आवाज वाहू लागले. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं, तिसरी ओली झाली. शेवटी ग्लेन म्हणाला, "पोहोचलं सगळं!"

"नुसतं पोहोचून भागत नाही. उघडून बघ. ऐकता आली तरच ती राखीव प्रत."

ग्लेनने पहिली नोंद उघडली आणि तिचा वेग वाढवला.

आधी नुसती पाण्याची गाज आली. मग कुठून तरी खोलातून एक आवाज वर आला. लहानसा, कापरा, कुणीतरी अंधारात पहिल्यांदाच तोंड उघडावं तसा. तो थांबला. आणि त्याला उत्तर आलं. ते उत्तर इतकं मोठं होतं, की शेडचा पत्रा थरथरला, मिहिकाच्या छातीत काहीतरी हललं आणि मावशीआजीने तिचा हात घट्ट धरला. पुन्हा तो कापरा आवाज. पुन्हा तेच उत्तर, अगदी त्याच सुरात.

"ती त्याला नावाने हाक मारते आहे का?" मिहिकाने कुजबुजत विचारलं.

"ठाऊक नाही गो. अजून कुणालाच ठाऊक नाही. ते तुमच्यासाठी शिल्लक आहे."

कालव पायऱ्या उतरू लागलं. पाणी त्याच्या पोटाला लागलं, तेव्हा ते थांबलं.

"मिहिका, खाली मला कुणी नाव विचारत नाही," ते म्हणालं. "पण विचारलंच, तर आता सांगता येईल."

लाट आली आणि त्याचा हिरवा दिवा पाण्याखाली गेला. बराच वेळ तो खोल खोल जाताना दिसत राहिला. तो दिसेनासा झाल्यावर मिहिका वाकली आणि तिने कान पाण्याला लावला.