मंगळवार पेठ का चिडली?

मंगळ ग्रहावर माणसांनी वसाहत केली आणि तिला नाव दिलं ‘मंगळवार पेठ’. त्या आठवड्यात ही सगळीच्या सगळी पेठ चिडलेली होती. भूमितीच्या सरांनी एका त्रिकोणाला तीनच कोन आहेत म्हणून झापलं. खर्डेकर काका खिडकीसमोरच्या खडकाशी भांडत होते आणि, बघणारे सांगतात, हरत होते. एवढ्या शहाण्या माणसांना एकाच वेळी झालं तरी काय?

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण चारचौघांत बोलणार कोण? कुणाचंच पोट साफ होत नव्हतं.

रेवाचंही नव्हतं. पण तिच्या रागाचं कारण वेगळं होतं. संध्याकाळच्या यानाने तिच्या आजोबांना पृथ्वीवर परत धाडणार होते. आजोबा जीवशास्त्रज्ञ. पोटं बिघडली तेव्हा त्यांनीच सुचवलं होतं, “इसबगोल घ्या.” लोकांनी घेतलं. आणि जे थोडंफार चाललं होतं, तेही बंद पडलं.

“भोंदू म्हातारा!” खडकाला सोडून खर्डेकर काका आजोबांवर घसरले. वसाहतप्रमुख टिपणीस बाईंनी लगेच तिकीट काढलं. फक्त जायचं.

“तुम्ही भांडत का नाही, आजोबा?” रेवाने पाय आपटला. मंगळावर आपलं वजन कमी भरतं, त्यामुळे पाय आपटला की माणूस वर उडतो. रेवा छताला डोकं आपटून खाली आली आणि आणखी चिडली.

“काय चुकलं तेच कळत नाही गं,” सदऱ्याची घडी घालत आजोबा म्हणाले. “पृथ्वीवर तर गुण येतो.”

“पण येतो कसा? ते तरी सांगा!”

“आपला स्वयंपाकी रोबो, शिधोबा, जेवणातल्या साली, कोंडा, चोथा काढून टाकतो. म्हणतो, जे पचत नाही ते फुकटचं ओझं. पण तेच तर तंतुमय पदार्थ (वनस्पतींचा असा भाग, जो आपले पाचकरस फोडू शकत नाहीत). मोठं आतडं आलेल्या मालातलं पाणी शोषून घेतं. तंतू त्यातलं थोडं पाणी धरून ठेवतात. धरून ठेवणारं कुणी नसलं, तर मागे उरते...”

“वीट!” रेवा पोट दाबत म्हणाली.

“वीटच. इसबगोल म्हणजे एका बीचं टरफल. ते पाण्यात फुगतं, बुळबुळीत होतं आणि मालाला मऊ करून पुढे सरकवतं.”

“आणि पाणी नाहीच मिळालं तर?”

आजोबांच्या हातातला सदरा हातातच राहिला.

रेवा तडक स्वयंपाकघरात घुसली. “शिधोबा, इसबगोल कसं देतोस रे?”

“कोरडं, रेवाताई,” शिधोबा छाती फुगवून म्हणाला. त्याच्या छातीत तशी सोय होती. “माणशी एक पेला पाणी वाचवलं. त्याचं चौकात कारंजं केलंय. जलबचत गौरव कारंजं! गाण्यावर नाचतं.”

“डबड्या!”

“आभारी आहे.”

चौकात आजोबांना हाकलायला सगळी पेठ जमली होती. नाचत्या कारंज्यापाशी रेवाने दोन पारदर्शक नळ्या धरल्या. एकीत कोरडं इसबगोल कोंबून वर चार थेंब टाकले. घट्ट बोळा! नळी उलटी करून झटकली तरी हलेना. दुसऱ्या नळीत कारंज्याच्या भरपूर पाण्यात कालवलेलं इसबगोल ओतलं. ते सुळकन खाली आलं, थेट टिपणीस बाईंच्या चपलेवर.

“ही पहिली नळी म्हणजे तुम्ही सगळे!” रेवा ओरडली. “चूक आजोबांची नाही, कोरडेपणाची आहे!”

“अगं, पण पाणी संपेल ना!” बाई कडाडल्या.

“पिऊन पाणी संपतं होय? आपल्याकडे पुनर्चक्रण (वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं) आहे. घामातलं, श्वासातलं, शौचालयातलं, सगळं पाणी फिरून नळाला येतं. तुम्ही प्यायलेलंही येईल. तुम्ही ते सोडलंत तर!”

सगळ्यांच्या माना कारंज्याकडे वळल्या. ते नाचतच होतं.

बाईंनी पेला भरून घेतला. “यान उद्यापर्यंत थांबेल,” त्या गुरगुरल्या. यानचालक म्हणाला, “बरं झालं. मलाही बसवत नाहीये.”

“थोड्यापासून सुरुवात करा,” आजोबांनी बजावलं. “कालवलं की लगेच प्या. वर आणखी पाणी प्या. आणि ज्याचं पोट फार दुखतंय, त्याने आधी डॉक्टर गाठा!”

दुसऱ्या दिवशी दुपारी टिपणीस बाई शौचालयातून बाहेर आल्या. थेट यानापाशी गेल्या, आजोबांची पिशवी उतरवून घेतली आणि स्वतः उचलून घरी पोचवली. यान रिकामंच गेलं.

“पण इसबगोल ही कुबडी,” आजोबा रेवाला म्हणाले. “पाय म्हणजे आपलं रोजचं जेवण.” आता शिधोबा सालीसकट डाळ शिजवतो आणि दर वेळी विचारतो, “नक्की ना?” वसाहतीच्या काचघरात नाचणी आणि चवळी लावली आहे.

गुरूच्या एका चंद्रावर पुढची वसाहत व्हायची आहे. तिथल्या स्वयंपाकघराचा आराखडा आजोबा काढताहेत. रेवाने त्यात शौचालयं वाढवून मागितली आहेत. रागावूनच.