न बोललेल्या वाक्याचं भाषांतर

ही हकीकत मी आजवर तिघांना सांगितली. तिघांनीही माझ्या वयाकडे पाहून समजुतीने मान हलवली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझा स्वतःवरच पुरता विश्वास नाही.

१९८० सालचा फेब्रुवारी, आमच्या बेटावर वादळांचा महिना. वादळाची तिसरी सूचना लागली होती, म्हणजे कुणी घराबाहेर पडायचं नाही. कार्तिए मिलितेर गावातल्या माझ्या घरात मी एकटाच चहा गाळत होतो. सकाळचे दहा वाजले होते, पण खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, म्हणून कंदील लावला होता. इतक्यात फोन वाजला.

"गुरुजी, मी कुंती." माझ्या मराठी वर्गातली जुनी विद्यार्थिनी, आता चहा उत्पादकांच्या संघाची चिटणीस. "मी व्हाकोआहून बोलतेय, संघाच्या कचेरीतून. कालपासून सगळे इथंच अडकलोय. बैठक आजच संपवायला पाहिजे. विमानं सुरू झाली की पाहुणे निघून जातील, मग ह्या वर्षीचा चहा कुणी घेणार नाही."

पाहुणे म्हणजे खरेदीदार. निम्मे रेयुन्यों बेटावरचे, फक्त फ्रेंच बोलणारे, आणि निम्मे लंडनचे, फक्त इंग्रजी जाणणारे. दुभाषी विद्यावती बों अक्योयला अडकली होती आणि तिचा फोन पहाटेच बंद पडला होता.

"रस्त्यावर झाडं पडलीत, कुंती. मी कसा येणार?"

"येऊ नका. फोनवरून करा. संघातल्या सुरेंद्रने रिसीव्हर मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या कर्ण्याला जोडलाय. इथं अठरा माणसं तोंडं बघत बसलीत, गुरुजी."

वर्गासोबत मी दुभाष्याचं कामही करायचो, पण ते सुटलं होतं. आदल्या वर्षी एका सभेत मी एक वाक्य जास्तीचं बोललो होतो. ऐकलं म्हणून बोललो, पण वक्ता ते बोललाच नव्हता. सगळे हसले, आणि नंतर मला कुणी बोलावलं नाही. दुभाष्याचा धर्म एकच: कानात आलं ते तोंडातून गेलं पाहिजे. घालायचं काही नाही, गाळायचंही नाही. तो धर्म माझ्याकडून मोडला होता. की मोडला नव्हता? तेही मला नक्की ठाऊक नव्हतं.

मागून संघाचे अध्यक्ष नंदलाल ओरडले, "अगो कुंती, म्हाताऱ्याला विचार, झोप लागणार नाही ना!"

त्या टोमण्यानेच मी हो म्हटलं असावं.

खुर्ची फोनपाशी ओढून मी कामाला लागलो. वक्ता बोलायचा, थांबायचा, मग मी आधी फ्रेंचमध्ये, नंतर इंग्रजीत सांगायचो. आम्ही 'तो म्हणतो' असं म्हणत नाही, 'मी म्हणतो' म्हणतो. वक्त्याचं तोंड होऊन बोलायचं. तासाभरात माझा आवाज सुटला. पानांची प्रत, पेट्यांची संख्या, जहाजाची तारीख. बाहेर वारा कौलांखाली बोटं घालून पाहत होता, ओल्या मातीचा आणि तुटलेल्या निलगिरीचा वास फळ्यांतून आत येत होता. तरी खरं सांगतो, मी सुखात होतो.

लंडनचा एक गृहस्थ बोलून थांबला. मी त्याचं म्हणणं फ्रेंचमध्ये सांगितलं. उत्तराची वाट पाहताना तारेवर बारीक खरखर झाली, आणि एक बाई बोलली. शांतपणे, अगदी जवळून.

"उठा रं समदी... मागल्या खोलीत व्हा... छप्पर चाललं..."

मराठी! तीही आमच्या पणज्यांच्या वेळची, कोकणातून जहाजावर चढलेल्यांची. वर्गात मी जी भाषा मुलांच्या तोंडून पुसून काढली, तीच. हा आवाज कुंतीचा नव्हता, आणि तासाभरात त्या खोलीतून दुसऱ्या कुणा बाईचा आवाज आला नव्हता.

पुन्हा तेच? पुन्हा सगळे हसणार? बोललो नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं...

"सांग की रं..." ती म्हणाली.

मी सांगितलं. फ्रेंचमध्ये: सगळे उठा, मागच्या खोलीत जा, छप्पर जातंय. लगेच इंग्रजीत. वक्त्याचं तोंड होऊन, न कचरता. आणि दुभाष्याचं अंगही शब्दांमागे जातं म्हणून असेल, मीसुद्धा उठलो आणि फोनची तार पुरेल तितका भिंतीकडे सरकलो.

तिकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग पावलांचा. फ्रेंच बोलणाऱ्यांना वाटलं, लंडनवाल्यांपैकी कुणीतरी सावध केलंय. लंडनवाल्यांना वाटलं, रेयुन्योंचे लोक सांगताहेत, त्यांना वादळं ठाऊक असतात. कुणी कुणाला विचारलं नाही.

मग माझ्या खिडकीची फळी फुटली. निलगिरीची मांडीएवढी फांदी आत घुसून खुर्चीवर आदळली. फोन मुका झाला.

चौथ्या दिवशी रस्ता मोकळा होताच मी व्हाकोआला पोहोचलो. सभेच्या खोलीला छप्पर नव्हतं, मधली तुळई टेबलावर आडवी पडली होती. कुणाला खरचटलंही नव्हतं. करारावर सह्या मागच्या काँक्रीटच्या कोठीत मेणबत्तीवर झाल्या होत्या. व्हाकोआची चहापत्ती त्या वर्षी दोन्हीकडे गेली.

नंदलालांनी माझे दोन्ही हात धरले.

"आयो गुरुजी, मी सगळ्यांना विचारलं," कुंती हळूच म्हणाली. "ते वाक्य कुणीच बोललं नव्हतं. मग तुम्ही कुणाचं सांगितलंत?"

उत्तर सुरेंद्रकडे होतं, किंवा नव्हतं. बैठकीची नोंद ठेवायला लावलेला त्याचा टेपरेकॉर्डर टेबलाखाली चालूच राहिला होता. त्याने कॅसेट वाळवून लावली. लंडनचा गृहस्थ, माझं फ्रेंच, मग स्तब्धता, नुसती खरखर. बाईचा आवाज नाही. मग माझा आवाज: सगळे उठा... खुर्च्या, पावलं, आणि छप्पर गेल्याचा तो भयंकर आवाज.

मी मान खाली घातली. म्हणजे ते माझ्याच डोक्यातलं होतं तर.

"थांबा," सुरेंद्र म्हणाला. "अजून आहे."

रिकाम्या खोलीत पाऊस पडत होता. आणि पावसातून तीच बाई, पोरं घरी आली की दारात उभी राहून मोजावी तशी मोजत होती. "येक... दोन... तीन..."

अठरावर ती थांबली नाही. "येकोणीस," ती म्हणाली.

सुरेंद्र गोंधळून कुंतीकडे पाहू लागला. माझ्या डोळ्यांसमोर माझी मोडलेली खुर्ची आली. एकोणिसावा मी होतो. त्या दिवसापासून स्वतःवरचा माझा संशय निम्म्याने उतरला आहे, आणि वादळाची सूचना लागली की मी फोनपाशी बसतो, पाठ भिंतीला लावून.

कॅसेट माझ्याकडेच आहे. तिच्या शेवटी, येकोणीसच्या नंतर, ती बाई श्वास घेते आणि विसावं कुणी मोजायचं असल्यासारखी म्हणते, "आन्..."

तिथे फीत संपते.