प्रभावतीबाईंनी तिखट सोडलं

"मला वाढू नकोस गं, ऐश्वर्या... मी तिखट सोडलंय!"

प्रभावतीबाईंनी ताटावर आडवा हात धरला, डोळे मिटून घेतले आणि असा काही दीर्घ, धीरोदात्त निःश्वास सोडला, की सुनेच्या हातातली अख्ख्या मसुराची पळी मध्येच थबकली, कलंडली आणि तिच्यातला लालभडक रस्सा शेजारी बसलेल्या अभिनंदनच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. पाळण्यातली छकुली ते बघून खुदकन हसली. पार्श्वनाथअण्णा तेवढे मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. जेवताना 'आणि वाढ' याखेरीज ते कधीच काही बोलत नसत.

"सोडलंय म्हणजे? आजच्यापुरतं?" शर्ट झटकत अभिनंदननं आईला विचारलं.

"दिवाळीपर्यंत! नियम घेतला मी. आज सकाळी, बस्तीत दर्शनाला गेले तेव्हा, माताजींच्या समोर... सगळ्यांच्या देखत!"

आणि प्रभावतीबाई वाट बघू लागल्या. आता सुनेचा कंठ दाटून येईल, मुलगा पाया पडेल, 'आई, आमच्यासाठी एवढं केलंस!' असे शब्द कानी पडतील... त्या शब्दांसाठी त्यांनी एक डोळा किंचित उघडाही ठेवला होता.

ऐश्वर्या मटकन खुर्चीत बसली. तिचा कंठ खरोखरच दाटून आला होता.

"आई... अहो, तुम्ही तिखट सोडलं म्हणजे आपली कंपनीच सोडली की!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बाळंतपणासाठी पुण्यातल्या नोकरीतून सुट्टी घेऊन आलेल्या ऐश्वर्यानं, छकुलीच्या झोपांमधल्या वेळात, सासूबाईंच्या हातच्या मसाल्याचा धंदा उभा केला होता. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरीही खाणाऱ्याच्या कानातून वाफ काढणारा असा तो कोल्हापुरी मसाला! नाव ठेवलं 'बिनकांदा'. कोल्हापुरातल्या स्टार्टअप केंद्रानं त्यांना एक टेबल दिलं होतं. त्यांच्या एका बाजूला उसावर औषध फवारणारा ड्रोन बनवणारी, अजून कॉलेजात असलेली मोना. आणि दुसऱ्या बाजूला शिवाजी पेठेतले सत्तरी ओलांडलेले हंबीरराव, ज्यांनी लग्नघरी फेटे बांधायला माणूस पाठवणारं ॲप काढलं होतं. त्या सगळ्या उत्साहाच्या जत्रेत प्रभावतीबाईंना चक्क 'को-फाउंडर' म्हणत. त्या शब्दानं त्यांच्या मनात कशी गुलाबी कारंजी उडत, ते त्यांचं त्यांना ठाऊक!

आता येत्या रविवारी त्या केंद्रात पुण्याच्या एका मोठ्या शाकाहारी खानावळीची माणसं चव बघायला येणार होती. त्यांनी मसाला घ्यायचं ठरवलं तर धंदा चालला. नाहीतर दिवाळीनंतर ऐश्वर्या पुन्हा नोकरीवर, पुण्याला... आणि तिच्याबरोबर छकुलीही!

आणि नेमका उन्हाळ्यात केलेला मसाला संपला होता. संकेश्वरी मिरचीचं नवं पोतं आलं होतं. मिरचीचं प्रत्येक पोतं वेगळ्या स्वभावाचं असतं. कुठलं भडक डोक्याचं, कुठलं नुसतंच लाल. त्याला किती ब्याडगी घालून शांत करायचं, हे एकच जीभ सांगू शकत होती. आणि त्या जिभेला आज सकाळी कुलूप लागलं होतं.

"पण आई, सोडायचंच होतं तर दुसरं काही सोडायचं की गं! दुधी सोड, कारलं सोड..." अभिनंदन कळवळून म्हणाला.

"नावडतं सोडणं ह्याला त्याग म्हणतात व्हय रे?" प्रभावतीबाई उसळल्या. "त्या मधल्या गल्लीतल्या बाईनं पिझ्झा सोडला. जन्मात खाल्ला नव्हता तिनं पिझ्झा! मी तसली नाही!"

त्याग हा प्रभावतीबाईंचा स्थायीभाव होता. लग्न होऊन शिरोळहून ह्या घरात आल्यापासून त्यांनी सायीचा त्याग केला होता, मोटारीतल्या खिडकीचा केला होता, सीताफळाच्या मोठ्या अर्ध्या भागाचा केला होता. फक्त तो त्याग कुणाच्या लक्षात न येता वाया जाऊ नये, एवढी काळजी त्या घेत. आणि आज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, साध्वी माताजींकडून चातुर्मासाचे नियम घेण्याच्या रांगेत, त्यांच्या पुढं उभ्या असलेल्या शेजारच्या आक्कांनी गोड सोडलं. सगळं गोड! बायकांमध्ये कौतुकाची कुजबुज उठली... आणि प्रभावतीबाईंच्या डोळ्यांपुढं छकुलीचं बोळकं हसू आलं, मग पुण्याला जाणारी बस आली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी तिखट सोडते, माताजी! माझ्या सुनेच्या कंपनीला यश मिळू दे..."

"त्याग कशाच्या बदल्यात करायचा नसतो, बाई. नीट विचार करून नियम घ्या," माताजी हसून म्हणाल्या होत्या.

"केला विचार!" प्रभावतीबाई उत्तरल्या. तो सगळा विचार, आक्का खाली बसेपर्यंतच्या अवधीत झाला होता.

हे सारं त्यांनी आता ताटावर बसून सांगितलं, तेव्हा ऐश्वर्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही करू लागली.

"आई, नुसतं जिभेला लावून थुंकून टाकलं तर?"

"जिभेला लागलं की मोडला नियम!"

"माताजींना सांगून सोडवून घेतला तर?" अभिनंदननं विचारलं.

"माझ्या कुडीत प्राण असेतोवर नाही!" आणि मग त्यांचा आवाज कापला, खरोखरच कापला. "मी हे कुणासाठी केलं रे? माझ्या छकुलीसाठीच ना? आणि तुम्ही मलाच गुन्हेगार ठरवताय... जाऊ दे! ह्या घरात माझ्या त्यागाला किंमत नाही. मी आता बोलतच नाही कशी!"

आणि प्रभावतीबाईंनी मौन धरलं.

ते मौन फार बोलकं होतं. भांडी आदळत होती, कपाटाची दारं धडाधड लागत होती, आणि अधूनमधून एक हुंदका मोजून-मापून सगळ्यांना ऐकू जाईल असा येत होता. पण आत, मनाच्या अगदी तळाशी, प्रभावतीबाई खऱ्याच कोसळल्या होत्या. कारण सून जे म्हणाली ते त्यांना पटलं होतं. ज्या हातांनी छकुलीला थांबवायचं, त्याच हातांनी आपण तिच्या बसचं तिकीट काढलं... हे परमेश्वरा!

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐश्वर्यानं डंकावरून वेगवेगळ्या मापांचे मसाले कुटून आणले आणि प्रत्येकाचा थोडा थोडा अख्खा मसूर शिजवला. वाट्या ओट्यावर मांडल्या. प्रभावतीबाई पाठ करून माजघरात बसल्या होत्या, पण कान स्वयंपाकघरातच होते.

अभिनंदननं पहिली वाटी चाखली. "छान आहे." दुसरी चाखली, घटाघटा पाणी प्यायला. "छान आहे." तिसरी चाखली आणि नाक पुसत म्हणाला, "हेपण छान आहे गं."

"अरे देवा! तुला काय 'छान'शिवाय दुसरं येतं की नाही?" ऐश्वर्या रडकुंडीला आली. कडेवरची छकुली वाटीकडे झेपावत होती, तिला आवरता आवरता तिनं स्वतः एक घास घेतला. पण काळजीनं तोंडाची चवच गेलेली. रविवार तोंडावर आला होता आणि घरात चव सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

एवढ्यात मार्केट यार्डातलं आपलं गुळाच्या अडतीचं दुकान लवकर बंद करून अण्णा आले. हातपाय धुऊन ते ओट्याशी उभे राहिले. काही न विचारता पहिल्या वाटीतलं चमचाभर तोंडात घातलं, आणि डोळे मिटून, पाऊस किती पडेल याचा अंदाज घेणाऱ्या शेतकऱ्यासारखे थांबले.

"ह्यात ब्याडगी लई झालीया."

"कशावरून, अण्णा?" ऐश्वर्यानं विचारलं.

"घाम कानामागंच थांबला. तुझ्या सासूच्या हातचं असंल तर टाळूपर्यंत चढतोय."

त्यांनी दुसरी वाटी घेतली. "इथं उलटं हाय. घाम चढला, पण उचकी पयल्या घासाला लागली. तिची तिसऱ्याला लागती." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढला, तोंडात टाकला, आणि तो विरघळेपर्यंत शांत उभे राहिले. "आणि एवढ्या गुळात तोंड थंड व्हायला नगं. हिच्या आमटीला ह्याच्या दुप्पट लागतोय."

आणि माजघरातून मौन एकदम उठून उभं राहिलं.

"म्हणजे? माझी आमटी खाऊन... तुम्ही गूळ खाता?"

अण्णा चोरी पकडल्यासारखे घुटमळले. "जरा... दुकानात गेल्यावर."

"कधीपासनं?"

"आता कसं सांगू... लग्न झाल्यापासनंच की."

"अण्णा!" अभिनंदन ओरडला. "म्हणजे दुपारी दुकानात गेल्या गेल्या गूळ खाता, तो..."

"गड्यांना वाटतंय मालक मालाची तपासणी करतोय."

कुणालाच हसू आवरेना. फक्त प्रभावतीबाई हसल्या नाहीत. त्या दाराला धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या अंतःकरणात काहीतरी हळूहळू, आवाज न करता फुटत चाललं होतं. गोडसर, गुळमट आमटीच्या घरात वाढलेला हा माणूस... ह्या माणसानं रोज, दोन्ही वेळा, त्यांच्या हातचा जाळ मुकाट गिळला होता आणि वर 'आणि वाढ' म्हटलं होतं. स्वतः साय सोडली तेव्हा त्यांनी गल्लीला सांगितलं होतं. ह्यानं आपल्या तोंडची चव सोडली आणि बायकोलासुद्धा कळू दिलं नाही!

"अवो..." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ह्या खेपेला ते कुणाला दिसतंय का, हे त्यांनी पाहिलं नाही. "मी एवढी वाईट का ओ? मला एकदा सांगायचं तरी!"

"रडू नगं, प्रभा. आदी रविवारचं बघू," अण्णा घाबरून म्हणाले. "मला खायाला घाला. मी सांगतो."

मग त्या दुपारी त्या घरात जे चाललं, तसं उद्योगाच्या कुठल्याही शिबिरात शिकवत नसतील. प्रभावतीबाईंनी पदर खोचला. नाकानं वास घेत, चिमटीत रंग बघत त्या मिरची कमी-जास्त करत होत्या, ऐश्वर्या शिजवत होती, अभिनंदन छकुलीला खांद्यावर घेऊन वारा घालत होता, छकुलीला नव्हे, अण्णांना! आणि अण्णा खात होते. त्यांचे कान लाल झाले, नाक लाल झालं, चष्म्यावर वाफ धरली.

"अण्णा, आता थांबायचं का?" ऐश्वर्यानं काकुळतीनं विचारलं.

"थांबतोय कशाला? आणि जरा संकेश्वरी टाक."

अखेर एका वाटीतला त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला खणखणीत उचकी लागली. त्यांनी टोपी काढली, टाळूवर हात फिरवला, तो ओला झालेला हात सगळ्यांना दाखवला आणि डोळ्यांतून धारा वाहत असताना लहान पोरासारखे ओरडले, "आली! माझी बायको आली!"

सगळ्या आयुष्यात प्रभावतीबाईंना कुणी इतकं सुंदर काही म्हटलं नव्हतं. त्या लाजून डबे पुसू लागल्या.

रविवारी केंद्रात ही गर्दी! मोनाचा ड्रोन खिडकीत अडकून बसला होता, आणि हंबीरराव पाहुण्यांना धरून धरून फेटे बांधत होते. पुण्याच्या माणसांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. आणि मग बांधलेल्या फेट्याखालून त्यांच्या कपाळावर घामाचे ओघळ उतरू लागले.

"खावा की, पावणं! पाणी हाय हितं," हंबीरराव गरजले. "वहिनी, नाद खुळा मसाला!"

"कांदा-लसूण खरंच नाही?" त्यांच्यातल्या प्रमुख बाईंनी डोळे पुसत विचारलं. "आणि प्रत्येक वेळी अशीच चव येईल? तपासणी कोण करतं तुमच्याकडे?"

ऐश्वर्यानं सासऱ्यांचा दंड धरून त्यांना पुढं केलं. "हे. आमचे अण्णा."

"कोणत्या पद्धतीनं करता?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान डोलावली.

"सोसून," अण्णा म्हणाले.

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी सगळ्या शाखांसाठी मसाला मागवला. घरी येताना रिक्षातूनच ऐश्वर्यानं पुण्याला फोन केला आणि दिवाळीनंतर नोकरीवर येत नसल्याचं सांगून टाकलं. प्रभावतीबाईंनी छकुलीला असं काही कवटाळलं, की ती बिचारी रडायलाच लागली.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "आज सगळी बसा. माझ्या आईची आमटी मी करतो. बिनतिखटाची. प्रभा, आजपासनं तुझं-माझं एकच भांडं."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच अण्णा चुलीपाशी उभे राहिले होते. आतून बराच वेळ खटपट ऐकू येत होती. मग एक वास आला, आणि ऐश्वर्यानं नाकावर हात धरला. सूर्य मावळायच्या आत अण्णांनी पातेलं बाहेर आणलं. आमटी तळाला चांगलीच लागली होती. काळे कण वर तरंगत होते. त्यांनी ती स्वतःच्या हातानं बायकोच्या ताटात वाढली आणि पातेलं धरून, श्वास रोखून, तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

प्रभावतीबाईंनी घास घेतला. करपट कडू चव टाळूला चिकटली. समोर तो घामेजलेला, आशेनं उजळलेला चेहरा होता... अशाच आशेनं आपण रोज त्यांच्यापुढं उभ्या राहत होतो, हे त्यांना त्या क्षणी उमगलं, आणि ते का बोलले नाहीत, हेही.

"कशी झालीया?" अण्णांनी विचारलं.

"झकास!" प्रभावतीबाई म्हणाल्या. "आणि वाढा की."

त्यांनी सगळी आमटी संपवली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी कुंपणापलीकडून विचारलं, "काय गं प्रभावती, काल काय जेवलात?"

"आमटी-भात," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि पुढं एक शब्दही बोलल्या नाहीत.