सुलेखाचं काय झालं?

मूल गावच्या शमसुन्निसा चाचीचा बुधवार ठरलेला असे. सकाळच्या एसटीनं निघायचं, येरमटोल्याच्या फाट्यावर उतरायचं आणि बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन सागाच्या जंगलातून दीड कोस चालत गावात शिरायचं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गावात टीव्ही एकच, मुखरूभाऊंच्या घरी. दर मंगळवारी दुपारी दोनला त्यावर एक मालिका लागे आणि अख्खं गाव तिला 'सुलेखाची शिरेल' म्हणे. मालिकेचं खरं नाव भलतंच काहीतरी होतं, पण नायिका सुलेखा, एवढं गावाला पुरत होतं.

चाची हातात बांगड्या भरू लागली की बायका त्या शिरेलवर तुटून पडत. मुखरूभाऊंची बायको सुगंधाबाई हिच्या डोळ्यांत सुलेखाची जाऊ खुपायची. ती पडद्यावर दिसली की सुगंधाबाई हातातलं सूप आपटायची. चाचीचा राग मात्र सुलेखाच्या नवऱ्यावर. बायको पोटुशी असताना हा बाबा परदेशी कशाला उलथला, हा तिचा सवाल. सुगंधाबाई म्हणायची, पोटासाठी गेला बिचारा, त्याले काऊन बोल लावता? मग वाद असा रंगायचा की बांगडी अर्ध्या पंज्यावर अडकून राहायची आणि जिचा हात ती बिचारी कळवळायची.

त्या वर्षी ऐन धान कापणीत गावची डीपी जळली. वीज गेली ती गेलीच. पंधरा दिवस झाले तरी दुरुस्तीला कुणी फिरकेना. मंगळवार कोरडे जाऊ लागले तशी चाचीच गावाची शिरेल झाली. मंगळवारी मूलला घरी बसून बघायचं आणि बुधवारी येरमटोल्यात ओसरीवर बसून सांगायचं. सांगायचीही अशी झकास की जावेचं नाक मुरडणंसुद्धा तिच्या नाकावर दिसे.

हसण्यावारी जात नव्हती ती एकच गोष्ट. सुगंधाबाईची सून रीता. सुलेखाला दिवस गेले त्याच महिन्यात रीतालाही गेले. बायका हसल्या. सुलेखाचा नवरा परदेशी गेला आणि आठ दिवसांत रीताचा अजय वडशाच्या नाटक कंपनीबरोबर पडदे ओढायच्या कामावर गेला. तेव्हाही हसल्या, पण जरा कमी. मग सुलेखा जिन्यावरून घसरली. त्याच आठवड्यात रीता विहिरीच्या पायरीवर घसरली, आणि त्यानंतर कुणीच हसलं नाही. रीतानं तर मनाशी गाठच मारली, जे सुलेखाचं होईल तेच माझं होईल. सुगंधाबाईनं समजावलं, रागावून पाहिलं, गावदेवाला नारळ फोडला. पोरगी काही बधेना.

आणि त्या मंगळवारी सुलेखा मेली. बाळंतपणात, बाळासकट. तिच्यावर पांढरी चादर ओढली आणि त्या दिवसाचा भाग संपला. चाचीची सून तबस्सुम पदर डोळ्यांना लावून रडली. चाचीला रडू आलं नाही. रीताचे दिवस भरले होते.

उद्या जाऊच नये, असं तिनं रात्री ठरवलं. सकाळी वाटलं, आपण गेलो नाही तर ती पोरगी काय ते समजेल. म्हणून निघाली.

एसटी वाटेत पंक्चर झाली. फाट्यावर उतरेपर्यंत दुपार कलायला लागली होती. जंगलात वारा नव्हता. सागाची पानं पायाखाली करकरत होती, नाल्याजवळ कुजलेल्या पाल्याचा वास दाटला होता, आणि एवढ्या उन्हातसुद्धा वाटेवर एक पाखरू बोलत नव्हतं. नाला ओलांडताना तिला सनई ऐकू आली. बारीक, लांबून येणारी. चाची थांबली. ती सुलेखाच्या शिरेलची सुरुवातीची सनई होती.

कुणाचा रेडिओ असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. पण ती सनई रेडिओवर कधी लागत नसे हे तिला ठाऊक होतं. शिवाय आज वार बुधवार होता. तिनं पेटी सावरली आणि पाय उचलले.

मुखरूभाऊंच्या ओसरीवर बायका गोळा झाल्या होत्या. पहाटेपासून रीताला कळा लागल्या होत्या. मुखरूभाऊ सायकल घेऊन जीप आणायला गेले होते. सुईण घामाघूम होऊन बाहेर आली आणि म्हणाली की पोरगी अंग आखडून पडली आहे, जोर करायला तयार नाही, आणि असंच चाललं तर दोघंही हातची जातील. सुगंधाबाईनं चाचीचा हात धरला.

"तुमचीच वाट पाहून राह्यली ते," ती म्हणाली. "सुलेखाचं काय झालं ते सांगा म्हनते. आधी ते सांगा, मंग..."

आता एक सांगायला हवं. चाचीनं आयुष्यात 'बांगडी फुटली' असं कधी म्हटलं नव्हतं. बाईच्या हातातली बांगडी वाढवते, फुटत नाही, हे तिला सासूनं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. चाळीस वर्षं ती जीभ तशीच वळत आली होती. समोरच्या बाईचा हात हातात असला की वाईट शब्द त्या जिभेवर येतच नसे.

खोलीत दार लोटलेलं, खिडकीला घोंगडी. एक चिमणी जळत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर फुलाफुलांचं कापड पांघरलेला टीव्ही, त्याच्याकडे तोंड करून बाजेवर रीता. चाची टीव्हीकडे पाठ करून तिच्या उशाशी बसली आणि तिचं मनगट हातात घेतलं.

"चाची... सुलेखा...?"

"मोकळी झाली न बेटा," चाची म्हणाली. "पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत."

रीता तिच्याकडे बघत राहिली. नुसत्या तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. मग चाचीनं सांगायला घेतलं. सुलेखानं दात कसे आवळले, जाऊसुद्धा कशी घाबरून देवापुढं बसली, डॉक्टरीणबाई कशी म्हणाली की आणखी एकदा, बस एकदाच. रीता ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचं अंग सैल पडत होतं. सुईण पुढं सरकली.

तेवढ्यात चाचीला वास आला. टीव्ही तासभर चालला की तापलेल्या धुळीचा जो वास येतो, तो. मग तिनं रीताच्या डोळ्यांत पाहिलं. रीता आता चाचीकडे बघत नव्हती, तिच्या खांद्यावरून मागं बघत होती, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत एकेक निळसर चौकट हलत होती. चिमणीचा उजेड पिवळा असतो. चाचीच्या मानेवरचे केस उभे राहिले. मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही. थांबायची तर त्याहून नाही.

"...मंग सुलेखानं जोर केला," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. "असा जोर केला..."

रीता ओरडली. आणि पाठोपाठ दुसरा आवाज आला, चिमुकला, चिडका. पोरगी झाली होती.

सुगंधाबाई दाराशीच मटकन बसली आणि हमसाहमशी रडली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. घटकाभरानं मुखरूभाऊ जीप घेऊन आले तेव्हा जीपवाल्याच्या हातावर गूळ ठेवायची वेळ आली होती. चाचीला तर हसावं की रडावं कळेना. छातीवरची धोंड उतरली होती. निघताना ती टीव्हीजवळून गेली आणि न राहवून तिनं कापडाखाली हात घातला. काच कोमट होती. दुपारचा उकाडा आहे, असं म्हणून तिनं हात काढून घेतला.

बारशाला ती गेली तेव्हा डीपी दुरुस्त झाली होती. मधल्या मंगळवारी गावानं सुलेखाचा हार घातलेला फोटोही पाहिला होता. आता आपली खैर नाही, या धास्तीनंच चाची ओसरी चढली. पण सुगंधाबाईनं तिला पाटावर बसवलं, पुढ्यात पुरणपोळी ठेवली आणि म्हणाली, "खोटं बोलल्या तुमी, शमसूबाई. लई चांगलं केलं." अजयही सुट्टी काढून आला होता. तो तर चाचीच्या पायाच पडला. चाचीचा जीव भांड्यात पडला. तिनं बाळंतिणीला हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या.

रीता हळूच म्हणाली, "चाची, आई म्हनते तुमी खोटं सांगतलं. पन मी तं पाह्यलं न."

"काय पाह्यलं?"

"तुमी सांगून राह्यल्या होत्या तवा टीव्ही चालूच होता. सुलेखाले पोरगी झाली. मंग एक चुडीवाली आली, तुमच्यासारखीच. पेटी खाली ठेवली, सुलेखाच्या उशाशी बसली." रीता मांडीवरच्या लेकीकडे बघून हसली. "मंग कोनीतरी पांढरी चादर आनली."

चुडीवाली चाचीनं सांगितली नव्हती. चादर तर तिनं गिळूनच टाकली होती.

"चादर... कोनासाठी?"

"ते नाई दिसलं. तेवढ्यात लाईन गेली."

चाचीनं उरलेल्या बांगड्या भरल्या, दुवा म्हणून एक वर भरली आणि दिवस असतानाच फाटा गाठला. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. रीताची लेक आता कॉलेजात आहे आणि चाची अजून ठणठणीत आहे, अल्लाची मेहेर. फक्त लाईन गेली की ती, रात्र असो की दुपार, बाजेवरून उठून बसते. लाईन परत येईपर्यंत पाठ टेकवत नाही, अंगावर चादर घेत नाही. आणि आमच्या मूलला लाईन किती वेळा जाते, ते काही विचारू नका.