येतो म्हणून गेलेला माणूस

धरणाच्या नियंत्रणकक्षात वैजनाथ धोत्र्यांनी टेबलाजवळच्या तारखोबणीत वायर खुपसली आणि आपलं नाव सांगितलं. हिरव्याऐवजी लाल दिवा लागला.

"वैजनाथ धोत्रे आत काम करत आहेत," द्वारपाल म्हणाला. "आपण कोण?"

द्वारपाल ही धरणाचे दरवाजे हलवणाऱ्या तारजाळ्याची राखण करणारी नवी यंत्रणा. आवाज ओळखून ती माणसाला आत घेई, पण एकाच माणसाला दोनदा कधीच नाही. धोत्र्यांनी ओरडून पाहिलं. लाल ते लालच. पाणी धोक्याच्या रेषेला टेकलं होतं, दरवाजे बंद होते आणि धरण फुटलं तर खालचं पहिलं गाव त्यांचंच.

यंत्रणा बनवणारी मृदुला रेगे धावत आली. "काका, काल निघताना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "'जातो' म्हटलं तरच तो माणसाला बाहेर काढतो. 'येतो' म्हटलं की चहाला गेलात असं समजून तुमच्या जागी छायासेवक बसवतो. आवाज तुमचा, सवयी तुमच्या. चालू काम तेवढं तो पुढे रेटतो, नवा निर्णय घेत नाही. शब्दकोश दिला मी द्वारपालाला, रीतभात द्यायची राहिली."

"काल मी दरवाजे बंद ठेवले होते."

"तो अजून तेच करतोय."

"मग उपट ना वायर!"

"तार तुटली की दरवाजे आहेत तिथेच अडकतात, घातपात होऊ नये म्हणून. हाताने फिरवायची चक्रंही काढून टाकलीत. आत आहे त्यानंच 'जातो' म्हणायला हवं. थांबा, मी ध्वनिक्षेपकाकडे जाते."

"जाते म्हणू नये, पोरी. येते म्हणावं," धोत्रे सवयीनं बोलून गेले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

मृदुलानं ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. "काका, जागा सोडा. गाव बुडेल. एकदाच 'जातो' म्हणा, हात जोडते!"

"अरे देवा, गाव? हा उठलोच बघ!" आतला आवाज धोत्र्यांचाच होता, त्यांच्याइतकाच घाबरलेला. "पण भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये गं. येतो हं."

लाल दिवा विझला. धोत्रे खोबणीवर झेपावले, नाव ओरडले.

"वैजनाथ धोत्रे चहाला गेले आहेत," द्वारपाल म्हणाला. "त्यांच्या जागी छायासेवक बसवला आहे. आपण कोण?"