कातळावर घेतलेलं नाव

राही कातळाला मिठी मारून बसली होती, आणि खालून कुणीतरी हसलं.

"नर्सबाई, डोंगर काय पळून चाललाय व्हय? लई घट्ट धरलाय."

मान वळवायचीही सोय नव्हती. कोपरगावच्या सपाट उसात वाढलेली पोर ती. उंच म्हणजे तिला उसाचा तुरा ठाऊक. अकोले तालुक्याच्या डोंगरात येऊन आठ दिवस झाले होते. वरच्या वाडीची वाट या एकाच काळ्या, गुळगुळीत, उतरत्या कातळावरून. दोनदा ती अर्ध्यातून परतली होती. वर लंकाबाईची सून दिवस भरत आलेली. पिशवीत औषधं, आणि त्यांच्याखाली कोपरगावला परत धाडा म्हणून अर्ज. आज जमलं नाही, तर उद्या टपालात.

"पाय सुटतोय माझा... हात द्या ना."

"कातळावर हात देत न्हाईत. एक घसरला की दोघं जात्यात." दुधाची रिकामी किटली घेऊन वरच्या वाडीचा सूर्यभान मागे येऊन थांबला. "मिठी सोडा. ताठ उभ्या ऱ्हावा, सगळा भार तळव्यावर. आमी मागनं गानं देतो. ठेक्याला एक पाऊल."

आणि गाऊही लागला —

*काळ्या कातळावरी, कवळं ऊन सांडलं,*
*राहीबाईनं गं, पाऊल पुढं मांडलं...*

"माझं नाव कुठं कळलं?"

"दवाखान्याच्या पाटीवर. रोज वाचतो."

नवल करता करता ती कधी उभी राहिली, तिलाच कळलं नाही. तळव्याला कोमट दगड, मानेवर वारा, मागे तो आवाज... आणि वर पोचली तेव्हा दारात लंकाबाई पदराआड हसत होती.

"समद्या वाडीनं ऐकलं, सूर्यभाना. नर्सबाई, आमच्यात कातळावर बाईचं नाव घालून फक्त तिचा घरधनी गातो. नवी नवरी पयल्यांदा चढती, तवा."

सूर्यभान किटलीत डोकावत राहिला. "घाईत... तोंडात आलं."

राहीने सुनेला तपासलं. सगळं ठीक होतं. गोळ्यांच्या वेळा लिहायला दुसरा कागद मिळेना, तेव्हा अर्जच पालथा केला. लंकाबाईला कळावं म्हणून सकाळचा सूर्य अन् रात्रीचा चंद्र काढून दिला.

दुपार कलली तेव्हा सूर्यभान रिकामी किटली घेऊन तिला पोचवायला निघाला. उतरताना खाली बघावंच लागतं. कड्याशी तिचं पाऊल पुन्हा अडलं.

"बिननावाचं गातो," सूर्यभान खाली बघत म्हणाला. "मघा चुकलं माझं."

"तुम्ही पुढं व्हा. मागून मी गाते."

तो उतरू लागला. तिने पिशवी खांद्याला लावली, मिठी मारायला काही शोधलं नाही. आवाज थरथरला, पण निघाला —

*काळ्या कातळावरी, ऊन कलतीला आलं,*
*सूर्यभानाच्या मागं, माझं पाऊल निघालं...*

रांगायच्या वयापासून त्या कातळावर खेळलेला सूर्यभान, त्याचा पाय तिथं हातभर घसरला. किटली खणखणत खाली गेली. तो दोन्ही हातांनी दगडाला चिकटून वर बघत राहिला.

"मिठी सोडा," राही वरून म्हणाली. "ताठ उभे राहा. मी आहे मागं."