समजूतदार मुलीची गोष्ट नको

वाचनालयाच्या बालविभागातल्या खुर्च्या बुटक्या, मुलांच्या मापाच्या. त्यातल्याच एका खुर्चीत एक उंच माणूस कसाबसा मावला होता. गुडघे हनुवटीला टेकलेले, मांडीवर चित्रांचं पुस्तक, आणि डोळे लालबुंद.

बालविभाग सांभाळणारी पुस्तकताई दारातच घुटमळली. मुलं तिला याच नावाने ओळखायची. रडणाऱ्या पोरांना गप्प करण्यात तिचा हातखंडा होता. पण एवढ्या मोठ्या माणसाचं काय करायचं?

"पाणी आणू का?"

"नको. रडत नाहीये मी," तो म्हणाला. "चिडलोय."

"कुणावर?"

"हिच्यावर." त्याने शेवटचं पान पुढे केलं. खिडकीबाहेर एक चांदणी, खिडकीत हसरी मुलगी. "आई चांदणी झाली म्हणे! भाचीला वाचून दाखवलं. काल आभाळ भरून आलं, तर विचारते — मामा, आज आई कुठे गेली? आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?"

पुस्तकताईने कपाटातून आणखी पुस्तकं काढली. एकात आजोबांचं फुलपाखरू झालं होतं. दुसऱ्यात ससा मरतो, आणि पान उलटलं की लगेच नवा ससा हजर.

"आणि ही सगळी पोरं इतकी शहाणी कशी हो?" तो पानं उलटत म्हणाला. "इकडे आई जाते, आणि तिकडे लगेच पोरगी धाकट्या भावाची समजूत काढायला बसते! माझ्याकडे साध्या दाढेसाठी पोरं हात चावतात. हे बघा —"

अंगठ्यावर इवल्याशा दातांची खूण होती. तो लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर होता. पुस्तकताईला हसू फुटलं, आणि तिने पटकन तोंडावर हात धरला, कारण डोक्यावरच 'शांतता राखा'ची पाटी होती.

"आता माझे दात बघू नका हं."

"बघून झाले. वरचा एक वाकडा आहे." त्याने नजर पुस्तकात घातली. "राहू द्या तो... छान दिसतो."

तिने उगीचच पुस्तकं पुन्हा रचायला घेतली.

त्याची ताई गेल्या थंडीत वारली होती. तिची मुलगी आता मामा आणि आजीजवळ राहायची. बारीक, सतत धावपळ करणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. ती रडली नव्हती. जेवत होती, खेळत होती. येणारे-जाणारे पाठ थोपटत म्हणायचे, "किती समजूतदार पोर!"

"आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी गोष्टींच्या तासाला तो मुंगीला घेऊन आला. मग दर शनिवारी. मुंगी सगळ्यांच्या मागे, कपाटाला पाठ लावून बसायची. डॉक्टर दाराशी उभा. गोष्ट संपली की तो नेलेली पुस्तकं परत करायचा, आणि प्रत्येकाबद्दल तक्रार करायचा.

"तक्रार करायला येता की पुस्तकं न्यायला?"

"पुस्तकं न्यायला. तक्रार हे निमित्त."

"निमित्त? कशाचं?"

"ते... अजून ठरायचंय," म्हणत तो कानापर्यंत लाल व्हायचा, आणि तिला दिवसभर कामात चुका करायला पुरेल एवढं सुख मिळायचं.

एका शनिवारी तिने अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट वाचली. पिल्लाची आई जाते, पिल्लू तिची आठवण काढतं आणि शहाण्यासारखं झोपी जातं. ती पुस्तक मिटणार, तोच मागून आवाज आला.

"खोटं आहे!"

मुंगी उभी होती. मुठी आवळलेल्या. दाराशी डॉक्टर पुढे सरकला, पण पुस्तकताईने मानेनेच त्याला थांबवलं.

खरं तर तिला सावरून घेता आलं असतं. सावरून घेणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. ती मुंगीएवढी असताना तिचे बाबा गेले, तेव्हापासून. पण त्या आवळलेल्या मुठी बघून तिने पुस्तक बाजूला ठेवलं.

"हो, खोटं आहे," ती म्हणाली. "माझे बाबा गेले ना, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे रडत होते. आणि मला जाम भूक लागली होती. आत्येभावाने कानात काहीतरी सांगितलं आणि मी खो खो हसले. मग वाटलं, मी वाईट मुलगी आहे. म्हणून पुढे कितीतरी वर्षं मी खूप शहाण्यासारखी वागले."

"मग बाबा आले परत?" मुंगीने विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाळा."

मुंगीच्या मुठी सुटल्या. "मला सांगायला आले तेव्हा मी लपाछपी खेळत होते. मी म्हटलं... डाव संपवून येते."

कुणी हसलं नाही. पुस्तकताईने हात पसरले, पण मुंगी मामाकडे धावली आणि त्याच्या पोटात डोकं खुपसून अशी रडली, की बाहेरच्या मोठ्यांच्या विभागातले लोक माना वर करून बघू लागले.

त्यानंतरच्या शनिवारी ती दोघं आली नाहीत. पुढच्याही नाही. कुणाकडून तरी कानावर आलं, की मुंगीची आजी खवळली आहे. "बरी होती पोर, त्या वाचनालयाने बिघडवली!" पुस्तकताई मुलांना गोष्टी वाचत राहिली, हसत राहिली, आणि घरी जाऊन उशीत तोंड लपवत राहिली. आपण एका लेकराचं दुखणं मोकळं केलं, की त्याच्यावर मीठ चोळलं? दाराशी सावली पडली की मान आपोआप वळायची... आणि दुसरंच कुणी असायचं.

मग एका मंगळवारी, वाचनालय बंद करायच्या वेळी, बाहेर भुरभुर पाऊस पडत असताना, तो आला. एकटाच. केस ओले, चेहरा ओढलेला.

"मुंगी कशी आहे?"

"ताटली फेकली. माझ्यावर ओरडली. आईवर, म्हणजे ताईवर, चिडलीये, मला सोडून गेलीच कशी म्हणून. मग माझ्या कुशीत झोपली. आता रोज रडते, रोज आईच्या गोष्टी सांगते." तो हसला, डोळे मात्र भरलेले. "माझी आई म्हणते, पोर बिघडली. मी म्हणतो, पोर परत आली."

"बरं झालं," पुस्तकताई म्हणाली. नेहमीचं, नीट घडी घातलेलं हसू तिने चेहऱ्यावर आणलं. "माझी काळजी करू नका, मी समजू शकते —" आणि अचानक तिला ते वाक्य पुढे रेटवेना. "नाही! नाही समजू शकत! एक निरोप पाठवता आला नाही? मी इथे रोज दाराकडे डोळे लावून... मला राग आलाय तुमचा. खूप!"

'शांतता राखा'च्या पाटीखाली उभी राहून ती ओरडली होती. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की तिचा राग जागच्या जागी विरघळू लागला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "आज शनिवार नाही, मुंगी बरोबर नाही, आणि परत करायला पुस्तकही नाही. तुम्हालाच भेटायला आलोय. मला... मला तुम्ही आवडता. फार."

तिने टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "मुंगीला आई हवी म्हणून?"

"मुंगीला आई आहे. ती वारली, एवढंच. तिची जागा भरायला मी कुणाला शोधत नाहीये," तो हळूच म्हणाला. "मी माझ्यासाठी विचारतोय."

बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

"आणि तुमची आई?"

"तिने तुम्हाला चहाला बोलावलंय. म्हणजे भांडायलाच. मी मधे बसेन."

"मधे कशाला? भांडू दे की आम्हाला."

तिने दिवे मालवले, दार ओढून घेतलं आणि छत्री उघडली. तो अजून पायरीवरच उभा होता, हो की नाही ते न कळून.

"चल," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"चल म्हटलं. भिजशील."

तो छत्रीत आला. छत्री एकाच माणसापुरती होती, पण दोघांनीही तक्रार केली नाही.